गावचं दुकान की शिकागोचा कॅटलॉग?

भाचीला इतिहासाच्या प्रकल्पात प्रश्न पडलाय: १९१० च्या सुमाराला अमेरिकेतल्या शेतकऱ्याने खरेदी कुठे करावी?

कॅटलॉग म्हणजे माल नि त्याचे भाव छापलेलं पुस्तक, त्यात बघून टपालाने माल मागवायचा. भावात कॅटलॉग सरस. माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शिकागोत हा धंदा सुरू केला, मग सीअर्स ही तशीच दुसरी कंपनी आली. छापलेला भाव सगळ्यांना एकच. पण पैसे रोख. दुकानदार मात्र वहीत मांडून ठेवायचा, पीक आलं की फेडायचं. हातावर पोट असलेल्या घराला हा मोठाच आधार.

माल हातात पडण्यात दुकान पुढे. १८९६ पासून खेड्यात घरपोच टपाल सुरू झालं. लोक चरबीचे रिकामे डबे नि साबणाची खोकी खांबाला ठोकून टपालपेट्या करायचे. तरी टपालाने जास्तीत जास्त ४ पौंडांचंच पार्सल जायचं. जड सामान आणायला गाडी जुंपून रेल्वे स्टेशन गाठावं लागे. १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट, म्हणजे जड पार्सलंही टपालाने पोचवणारी सरकारी सेवा, आली, तेव्हा कुठे ही पायपीट कमी झाली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला दुकानात ताटकळत ठेवत, गोऱ्यांचं आधी बघत. कॅटलॉगच्या फॉर्मवर कातडीचा रंग दिसत नसे.

म्हणून मी तिला सांगितलं: मीठ, रॉकेल, खिळे आणि उधारी यांसाठी दुकान, शिलाई मशीन, कोट, बूट यांसाठी, हाती रोकड असेल तर, कॅटलॉग. आणि दुकानात अपमान होत असेल, तर कॅटलॉगच.