४६,५०० रुपये आणि स्क्रीनवर दिसलेलं ते नाव

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे 'किती गेले गं?' असं कुणी हळू आवाजात विचारायला नको. ४६,५०० रुपये. १५,००० ॲडव्हान्स, 'माल पॅक झालाय' म्हणून २४,००० आणि शेवटी 'ट्रान्सपोर्ट'चे ७,५००. शिवणाचं एक पॉवर मशीन आणि कापडाच्या कडा शिवणारं एक ओव्हरलॉक फोनवरून घ्यायचं होतं. घरी सुईसुद्धा आली नाही.

फसवणुकीची पद्धत जुनीच, तुम्हालाही ठाऊक असेल. मलाही ठाऊक होती, तेच जास्त झोंबतं. बारा वर्षं घरी शिवणकाम करते, पै-पैचा हिशेब माझ्याच वहीत असतो. व्हिडिओ कॉलवर मशीन चालवून दाखवायला लावलं, बिल मागून घेतलं. एवढं करूनही फसले.

दुसऱ्या हप्त्याला क्यूआर स्कॅन केला, तर दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. अंगठा थांबला. फोन करून विचारलंसुद्धा! "ताई, करंट अकाउंटचं लिमिट संपलंय, हे आमच्या अकाउंटंटचं खातं." मी म्हटलं, "बरं." त्या 'बरं'ने वर्षभर झोप उडवलीय. दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, हे मी घरच्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं. १५,००० आधीच अडकले होते, आता मागे फिरले तर तेही बुडतील अशी भीती वाटली.

बिलावरचा जीएसटी नंबर २४ने सुरू होत होता. म्हणजे गुजरातचा. कारखाना मात्र महाराष्ट्रात सांगत होता, आणि आपला आकडा २७. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. मी टाकला तो पैसे गेल्यावर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर सव्वीस दिवस झाले होते. खातं रिकामं. तिथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. 'उद्या गाडी निघतेय' ऐकत बसू नका.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा, साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, "तुम्ही स्वतःच पाठवलेत ना पैसे? मग हे दिवाणी." तिसऱ्यांदा, "तो जिथला आहे तिथल्या ठाण्यात जा." गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कायद्यातच आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कशाला सांगावं? चौथ्यांदा साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. एफआयआर नाहीच. तिथला हवालदार वर म्हणतो, "शिकलेली माणसंच जास्त फसतात." अपमान करायला मात्र त्यांना हद्द आड आली नाही.

मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करा. माझ्यासारखं कामासाठी मशीन घेतलं असेल, तर 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे स्पष्ट लिहा. नाहीतर 'व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही' म्हणून बाहेर काढतात. कायद्यात अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. मला अकरा महिने आणि सात तारखा लागल्या. दर तारखेला दिवसाचं काम बुडालं, ते कुठे मागायचं?

समोरून कुणी आलंच नाही, म्हणून निकाल एकतर्फी, माझ्या बाजूने. ४६,५००, त्यावर ९ टक्के व्याज, त्रासाचे ५,००० आणि खर्चाचे ३,०००. पेढे वाटले मी!

वसुलीची दरखास्त लावायला गेले, तर कारकुनाने कागद उलटापालटा करून विचारलं, "हे दुकान आहे कुणाचं?" तक्रारीत मी सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, म्हणून बिलावरचं दुकानाचं नाव घातलं होतं. त्या नावाचं दुकानच नाही. नोटीस दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर बजावली गेली होती. आदेश कुणावर बजावणार, एका पाटीवर? ज्याच्या खात्यात पैसे गेले, ज्याचं नाव मी डोळ्यांनी वाचलं होतं, तो माझ्या तक्रारीत कुठेच नव्हता. तक्रार घेताना एकालाही हे सुचवावंसं वाटलं नाही. खातेदाराला पहिल्याच दिवशी सामनेवाला करा, आणि त्याच्या पत्त्यासाठी बँकेला आदेश द्या असा अर्ज सोबत जोडा. आपण विचारलं तर बँक दारातूनच परत पाठवते.

दोन वर्षं भरायला सात महिने उरलेत. नवीन तक्रार लिहून झालीय. या वेळी पहिल्या ओळीत तेच नाव आहे, पेमेंटच्या स्क्रीनवर दिसलं होतं तसंच, त्यातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट.