कान्हेरीचा रस्ता : दहिसर नदीच्या सोबतीने सायकलफेरी

मुंबईत मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर अशा चार नद्या असल्या, तरी शहरातील बहुतेकांना त्या पुलावरून नाकाला रुमाल लावून ओलांडायचे नाले म्हणूनच ठाऊक आहेत. म्हणून नदीकाठच्या सायकलफेरीसाठी लोणावळ्याकडे किंवा अलिबागकडे जाण्याआधी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील एक रस्ता अवश्य अनुभवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा हा डांबरी रस्ता साधारण सहा-सात किलोमीटरचा आहे आणि तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी त्याला सुरुवातीच्या भागात चांगलीच सोबत करते. महानगराच्या हद्दीत, लोकलच्या स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, नदी अजून नदीसारखी दिसते अशी जागा मिळणे हेच या रस्त्याचे सर्वांत मोठे मोल आहे.

पश्चिम द्रुतगती मार्गावरचा गोंगाट प्रवेशद्वारानंतरही थोडा वेळ ऐकू येत राहतो. पण रस्ता झाडीत शिरला की तो मागे पडतो. सुरुवातीचा चढ इतका सौम्य आहे की गिअर नसलेल्या साध्या सायकलवरही दम लागत नाही. साग, ऐन, पळस, काटेसावर यांच्या मधून नदीचे खडकाळ पात्र कधी अगदी जवळ येते, तर कधी बांबूच्या आड जाते. उन्हाळ्यात या पात्रात डोहांपुरतेच पाणी उरते आणि कोरड्या शिळा उघड्या पडतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत जाणाऱ्याने वाहत्या पाण्याची अपेक्षा ठेवू नये. हीच नदी उद्यानाची हद्द ओलांडते, तिच्यात तबेल्यांचे शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळते आणि पुढे ती मनोरीच्या खाडीला मिळते. दहिसरच्या पुलावरून तिला रोज पाहणाऱ्या माणसाने एकदा तरी हे वरचे पात्र पाहावे. नदी मुळात कशी होती, हे सांगायला मग दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

हा रस्ता केवळ सायकलींचा नाही, हे मात्र प्रत्येक सायकलस्वाराने मनावर घ्यायला हवे. पहाटे फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी, लेण्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या, शाळांच्या सहली, उद्यानातील पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आदिवासी कुटुंबे आणि रस्ता ओलांडणारी चितळे व माकडे अशा सर्वांचा तो आहे. सायकलींसाठी वेगळी मार्गिका नाही आणि रविवारी सकाळी माणसे रस्ताभर पसरून चालतात, तेव्हा घंटी वाजवत पुढे काढण्यापेक्षा सायकल हळू करणे हाच सभ्य उपाय ठरतो. तरीही जंगल तोडून नवी मार्गिका व्हावी, असे मला मुळीच वाटत नाही. पवई तलावाच्या काठी महापालिकेने आखलेला सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. सायकलींच्या नावाखालीही पाणथळ जागेवर आक्रमण करता येत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. असलेला रस्ता समजुतीने वाटून घेणे यापेक्षा कितीतरी चांगले आहे.

उद्यानात सायकली भाड्याने मिळतात. त्या घेताना सीटची उंची, टायरमधील हवा आणि विशेषतः दोन्ही ब्रेक तेथेच तपासून घ्यावेत. स्वतःची सायकल आणि हेल्मेट असेल तर उत्तमच.

ब्रेकचा आग्रह शेवटच्या टप्प्यावरून परत उतरतानासाठी आहे. लेण्यांच्या अलीकडे चढ चांगलाच तीव्र होतो आणि साध्या सायकलवाल्यांना काही ठिकाणी उतरून ती ढकलत न्यावी लागते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वर पोहोचल्यावर लगेच परत फिरू नये. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक लेणी येथे आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे सगळेच जातात, पण नदीच्या सोबतीने आलेल्या प्रवाशाने पाण्याची पोढी, म्हणजे खडकातली टाकी, मुद्दाम पाहावीत. भिक्षूंनी बहुतेक विहारांच्या बाहेर खडकात टाकी खोदली आणि डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींनी त्यांत वळवले. वर्षातले चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, अशा डोंगरावर शेकडो वर्षे वस्ती टिकली ती या व्यवस्थेच्या आधाराने. येथील माकडे पिशव्या हिसकावतात, तेव्हा खाण्याचे पदार्थ हातात धरून फिरू नये आणि त्यांना खायला तर मुळीच घालू नये.

परतीचा उतार हा या फेरीतला सर्वांत आनंदाचा आणि तितकाच जोखमीचा भाग आहे. वळणापलीकडून बस येत असू शकते, पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ आणि ओली पाने असतात, आणि उतारावर पुढचाच ब्रेक जोरात दाबला तर सायकल उलटते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, थांबून थांबून दाबत उतरावे. भर पावसात नदीला अचानक लोंढा येतो, म्हणून त्या दिवसांत पात्रात उतरू नये, हे लहान मुलांना सोबत नेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

माझ्या मते सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण तेव्हा नदीत पाणी असते, रस्ता कोरडा असतो आणि रान हिरवे असते. दर आठ वर्षांनी जांभळ्या फुलांनी फुलणारी येथील कारवीची झुडपे २०१६ नंतर २०२४ मध्ये बहरली होती, त्यामुळे जांभळ्या उतारांसाठी आता २०३२ ची वाट पाहावी लागेल. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. शक्य असल्यास आठवड्याच्या मधला वार निवडावा, सकाळी लवकर निघावे आणि पाणी स्टीलच्या बाटलीत न्यावे.