प्रेसमधली नोकरी सांभाळून डिझाइनची खासगी कामं घेताय? पैसे नेमके कुठे बुडतात ते आधी वाचा

प्रेसमध्ये दिवसभर डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं) किंवा प्रीप्रेसचं (फाइल छपाईसाठी तयार करण्याचं) काम करून रात्री घरी लग्नपत्रिका, लोगो, माहितीपत्रकं, पॅकिंगची लेबलं करणारे प्रत्येक शहरात आहेत. कामात गैर काही नाही. पण या माणसाला फसवणं फार सोपं असतं, आणि त्याचा कौशल्याशी काही संबंध नाही. काम मालकाच्या नकळत चाललेलं असतं. बिल नसतं, करार नसतो, दिवसा फोन उचलता येत नाही. पैसे बुडाले तरी हा बोलणार नाही, हे समोरच्याला पहिल्या दोन भेटींतच कळतं. खाली जे प्रकार सांगितले आहेत, त्यातले बहुतेक या एकाच गोष्टीच्या जोरावर चालतात.

सुरुवात बऱ्याचदा प्रेसच्याच काउंटरवर होते. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, बघायला आलेला ग्राहक हळूच म्हणतो, “दादा, हे घरी करून द्या ना, मालकांना कशाला मध्ये?” पहिलं काम छोटं असतं, एखादं व्हिजिटिंग कार्ड. पैसे त्याच संध्याकाळी जमा होतात आणि विश्वास बसतो. दुसरं काम मोठं येतं, म्हणजे संस्थेची स्मरणिका किंवा दुकानाचा पूर्ण कॅटलॉग. या वेळी ॲडव्हान्स नसतो, “कमिटीची सही झाली की चेक निघतो” एवढंच असतं. फाइल गेली की फोन लागेनासा होतो. जोर लावला की उत्तर येतं, “ठीक आहे, मग तुमच्या मालकांशीच बोलतो.” इथे विषय संपतो, कारण नोकरी वाचवायची तर पैसे सोडावे लागतात. म्हणून प्रेसच्या ग्राहकाचं काम खासगीत घ्यायचंच नाही, तो कितीही भला वाटला तरी. मालकाशी दगाफटका होतो ते वेगळंच, वर आपली दोरी त्या ग्राहकाच्या हातात जाते.

दुसरा प्रकार सॅम्पलचा. “एक सॅम्पल दाखवा, आवडलं तर वर्षभराचं काम तुम्हालाच.” तीन-चार जणांकडून अशी फुकट डिझाइनं गोळा होतात आणि त्यातलं एक दुसरीकडे छापलं जातं. इथे अनुभवी माणसंही एका गैरसमजात असतात. कमी रिझोल्यूशनची फाइल दिली की आपण सुरक्षित, असं त्यांना वाटतं. ते फक्त ऑफसेटपुरतं, म्हणजे प्लेट लावून कागदावर होणाऱ्या छपाईपुरतं, खरं आहे. ए-५ पत्रक ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं तर १७४८ × २४८० पिक्सेल लागतात. ६०० पिक्सेल रुंदीची जेपीजी त्यावर जेमतेम १०० पीपीआय देते आणि अक्षरं फुटतात. पण फ्लेक्स लांबून बघतात. व्हॉट्सॲपवरून गेलेली १६०० पिक्सेलची जेपीजी सहा फुटी फ्लेक्सवर खपून जाते. लोगोचं तर विचारूच नका. साधा, दोन रंगांचा लोगो कोणत्याही जेपीजीवरून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करायला, म्हणजे जसाच्या तसा गिरवायला, काही मिनिटं पुरतात. लोगोच्या कामात ॲडव्हान्स सोडून दुसरं कुठलंही संरक्षण नाही.

प्रूफ म्हणून पीडीएफ तर पाठवूच नये. व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांची) पीडीएफ कोरलमध्ये इम्पोर्ट केली की मजकूर, चौकटी, नक्षी सगळं सुटं होतं. म्हणजे ओपन फाइलच, हवे ते बदल करता येणारी मूळ फाइलच, हातात दिल्यासारखं आहे. प्रिंटिंग बंद करणारा पासवर्ड काढणारी साधनं सर्रास मिळतात. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापला जातो आणि फिकट रंगाचा मोबाइलवरच पुसला जातो. वॉटरमार्क टाकायचा तर चेहरा आणि शीर्षक यांच्यावरून तिरका, २५ ते ३० टक्के गडद.

त्याहून चांगली रीत म्हणजे दोन प्रूफ वेगळी पाठवणं. मांडणीच्या प्रूफमध्ये रंग, चित्रं, फॉन्ट खरे ठेवायचे, पण मजकूर, तारीख आणि फोन नंबर नमुन्याचे. मजकुराचं प्रूफ वेगळं, काळ्या अक्षरात, डिझाइनशिवाय. ग्राहकाला दोन्ही तपासता येतात, पण छापण्याजोगं एकही त्याच्या हातात नसतं. दोन्ही एकत्र केलेली फाइल शेवटचा हप्ता खात्यात आल्यावरच द्यायची.

हप्ते असे ठेवावेत: निम्मे पैसे कामाला हात लावण्याआधी, मांडणी पसंत पडल्यावर ३० टक्के आणि छपाईची फाइल देण्याआधी उरलेले २० टक्के. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसरीपासून वेगळा दर. ओपन फाइलची किंमत वेगळी, आणि ती सुरुवातीलाच सांगायची. हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून समोरून “मान्य” असं उत्तर घ्यावं. त्यात एक ओळ हवीच: पूर्ण रक्कम मिळेपर्यंत डिझाइनचे हक्क आणि वापराची परवानगी ग्राहकाला मिळणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात, तोंडी बोलण्याने ते जात नाहीत. मात्र कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. प्रेसच्या कॉम्प्युटरवर, प्रेसच्या वेळेत केलेला लोगो आपलाच आहे हे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

सर्वांत मोठं नुकसान डिझाइनच्या पैशांत होत नाही, ते “छापूनही तुम्हीच द्या” या वाक्यानंतर होतं. १६ पानी, ए-५, चार रंगी पुस्तिकेचा हिशेब करून बघा. १८ × २५ इंची शीटवर एका बाजूला आठ पानं आणि पाठीमागे आठ; दोन बाजू आणि दर बाजूला रंगागणिक एक अशा चार, म्हणजे आठ प्लेट. हजार प्रतींना हजार शीट आणि वर सुमारे शंभर शीट वेस्टेज. त्यावर मशीनचा दर, घडी, पिनिंग, कटिंग. या सगळ्यासमोर डिझाइनची मजुरी किरकोळ असते. ओळखीच्या प्रेसमध्ये उधारीवर काम टाकलं जातं, कागदवाल्याला शब्द दिला जातो, आणि ग्राहक अर्धे गठ्ठे उचलून गायब होतो. उरलेल्या गठ्ठ्यांवर त्याचंच नाव छापलेलं असतं, त्यामुळे ते रद्दीशिवाय कुठे जात नाहीत. प्रेसवाला मात्र पैसे डिझायनरकडेच मागतो. प्रेस आपल्याच मालकाचं असेल तर ते पगारातून वळते होतात. छपाईचं बिल ग्राहकाच्या नावे निघालं पाहिजे आणि पैसे त्याने थेट प्रेसला दिले पाहिजेत. आपण फक्त फाइल द्यायची. कमिशन हवं असेल तर ते प्रेसकडून घ्यावं, स्वतःचा पैसा गुंतवून नाही.

छापून झाल्यावर “रंग वेगळा आला” म्हणून पैसे अडवणारेही असतात. मोबाइलवरचा चमकदार निळा आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या प्रकाशाच्या रंगांत, असतो. छपाईत सायन (निळी शाई) १०० टक्के आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) १०० टक्के एकत्र आले की तो जांभळा दिसतो, म्हणून मॅजेंटा ७० च्या आसपास ठेवतात. हे ग्राहकाला आधी सांगावं आणि मोठं काम असेल तर डिजिटल प्रिंट काढून त्यावर तारखेसह सही घ्यावी. मजकुराचंही तसंच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या एन्कोडिंगमधून आजच्या युनिकोडमध्ये मजकूर नेताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार सरकतो, ‘ॲ’ गळतो. म्हणून ओके घ्यायचा तो कर्व्ह केल्यानंतरच्या, म्हणजे अक्षरांचे आकार पक्के केल्यानंतरच्या, प्रूफवर. फोनवर सांगितलेली दुरुस्ती लगेच लिहून परत पाठवावी, नाहीतर छापलेल्या चुकीच्या नंबरचं खापर आपल्या डोक्यावर फुटतं आणि छपाईचा पूर्ण खर्च मागितला जातो.

अनोळखी ऑनलाइन ग्राहकांच्या तऱ्हा वेगळ्या. परदेशातून ईमेल येतो: माझी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा मला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलता येणार नाही. मजकूर आणि लोगो माझ्या सल्लागाराकडे आहेत, त्याला माझं कार्ड चालत नाही, तेव्हा तुम्ही कार्डवरून जास्त रक्कम घ्या आणि त्यातली इतकी त्याला पाठवा. कार्ड चोरीचं असतं. काही आठवड्यांनी खरा कार्डधारक तक्रार करतो, पूर्ण रक्कम आपल्याकडून परत जाते, आणि ‘सल्लागारा’ला पाठवलेले पैसे गेलेलेच असतात. आपल्याकडचा अवतार म्हणजे लष्करात असल्याचं सांगून कॅम्पसाठी बॅनर किंवा कार्डांची ऑर्डर देणारा. ओळखपत्राचा फोटो आधी पाठवतो, मग “आमच्या पेमेंटच्या पद्धतीनुसार तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा” म्हणतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. स्क्रीनशॉट आणि ‘जमा’चा एसएमएस दोन्ही बनवता येतात, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघितल्याशिवाय फाइल सोडू नये. “चुकून जास्त आले, परत करा” म्हटलं तर स्वतः काही पाठवू नये, बँकेमार्फत परत घ्यायला सांगावं.

मजकूर म्हणून येणाऱ्या फाइलकडेही नीट बघा. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवणारी) पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार झाले आहेत, आणि पत्रिका करणाऱ्याला अशी फाइल आली तर ती उघडायला त्याचा हात लगेच जातो. नमुना पत्रिका ही जेपीजी, पीडीएफ किंवा वर्डमध्ये असते, एपीके किंवा ईएक्सईमध्ये कधीच नसते.

डीटीपीवाल्यांना खास लक्ष्य करणारा आणखी एक सापळा म्हणजे घरबसल्या शेकडो पानं टाइप करायचं काम. ऑनलाइन करारावर सही घेतात, अशक्य मुदत आणि अचूकतेची अट घालतात. काम दिलं की “क्वालिटी रिपोर्टमध्ये नापास” आणि मागोमाग वकिलाच्या नावाने नोटीस: करार मोडला, इतके हजार भरा, नाहीतर कोर्ट. त्यात मालकाला कळवण्याची धमकीही असते. एक रुपयाही देऊ नये. एकदा दिले की दुसरी नोटीस ठरलेली. न्यायालय व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवून दंड घेत नाही.

काही कामांत पैसे मिळतात आणि खटलाही अंगावर येतो. नामांकित कंपनीच्या तेलाचं, मसाल्याचं लेबल ‘जसंच्या तसं’ करून मागणारा माणूस बनावट माल विकणार असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. आधार, गुणपत्रिका, शिक्के यांचं ‘थोडंसं एडिटिंग’ म्हणजे सरळ बनावट दस्तऐवज. निवडणुकीत रात्री येणारं निनावी पत्रकही घेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७अ नुसार त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, आणि प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यावं लागतं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाच्या मशीनवर असं पत्रक परस्पर निघालं तर तोही अडकतो.

आमचं स्पष्ट मत असं की या सगळ्यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मालकाला सांगून टाकणं. नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मग लेखी परवानगी मागा: प्रेसचे ग्राहक घेणार नाही, प्रेसचा वेळ, कॉम्प्युटर, फॉन्ट, सॉफ्टवेअर वापरणार नाही, छपाईची कामं शक्य तिथे इथेच आणेन. शेवटच्या अटीमुळे मालकालाही फायदा दिसतो. नकार मिळाला तर निदान कुठे उभे आहोत ते कळतं. परवानगी मिळाली तर “मालकांना सांगू का?” हा प्रश्न पोकळ होतो, दिवसाउजेडी बिल देता येतं आणि नोटीसही पाठवता येते.

पैसे अडकलेच तर आधी रक्कम, कामाचा तपशील आणि मुदत लिहून लेखी मागणी करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आधारवर मोफत होते, पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. नोंदणी काम देण्याआधीची हवी. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे करारात काहीही असलं तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर ग्राहकाला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार. एक तारीख चुकली तरी हे प्रकरण लटकतं. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला म्हणून सांगितलं तर तो आपल्या पॅनखाली जमा दिसतो का ते आयकर पोर्टलवर बघा. कापला पण भरला नाही, असंही होतं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम दुसऱ्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते. नुसत्या थकबाकीला पोलीस दिवाणी बाब म्हणतात. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आणि तो हेतू चॅटमधूनच दाखवावा लागतो. म्हणून चॅट पूर्ण एक्सपोर्ट करून ठेवा, फक्त स्क्रीनशॉटवर राहू नका. मूळ डिझाइन फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारीख बदलते. तिची प्रत काढून त्या प्रतीवर काम करा, आणि हे पुरावे कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागेल, त्याबद्दल वकिलाला आठवणीने विचारा.