म्हापशाच्या बाजारातले गावठी अळसांदे

मासळी सोडल्यावर ताटात हुमणाची (माशांच्या आमटीची) जागा कोण घेणार? गावठी अळसांद्यांचं, म्हणजे गोव्याकडच्या चवळीचं, तोणाक (नारळाच्या वाटणातली रस्सेदार उसळ), अगदी मनापासून सांगतो. 100 ग्रॅम सुक्या दाण्यांत साधारण 23 ग्रॅम प्रथिनं असतात. शुक्रवारच्या बाजारात घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून बघा, भोकं किंवा पीठ दिसलं तर नकोच. जुना माल कितीही शिजवला तरी टणक राहतो. 8 तास भिजवून कुकरला 3 शिट्ट्या पुरेत. सोलां (आमसुलं) मात्र दाणे मऊ झाल्यावरच घाला, आधीच आंबट पडलं तर ते शिजत नाहीत. शेवटी 5-6 तेफळं (तिरफळं), काळ्या बिया काढून, जरा ठेचून. बांगड्याच्या आमटीचाच तो वास! बी-12 यात नाही, त्यासाठी दूध-दही हवंच.