सेप्सिसच्या पेशंटचं रक्त तपासायला सात रस्त्याजवळची लॅब, आमचा अनुभव

मामांना लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस झालेलं, म्हणजे इन्फेक्शनला शरीराची प्रतिक्रिया बेफाम होऊन अवयव बिघडायला लागतात ते. सोलापुरात होटगी रोडकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात आयसीयूत होते. तिथं रक्त गोठण्याच्या टेस्ट होत नाहीत म्हणून रक्त बाहेर पाठवायचे आणि तसा या लॅबशी संबंध आला. शुगर-थायरॉइडला कुठलीही लॅब चालते हो, पण घरचं माणूस आयसीयूत असेल तर लॅब बघून घ्या, म्हणून एवढं लिहितोय.

सेप्सिसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या व्हायला लागतात, त्यात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक संपत जातात आणि मग त्याच पेशंटला रक्तस्राव पण होऊ शकतो, त्याला डीआयसी म्हणतात. तिथपर्यंत जायच्या आधी पकडायचं तर डॉक्टर एसआयसी नावाचा स्कोअर काढतात. त्यात प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला म्हणजे उशिरा गोठतंय) आणि अवयव किती बिघडलेत त्याचा सोफा स्कोअर, एवढंच असतं. प्लेटलेट दीड लाखाखाली गेल्या की एक पॉइंट, लाखाखाली दोन, आयएनआर १.२ च्या वर एक आणि १.४ च्या वर दोन. सोफाचे जास्तीत जास्त दोन धरतात, आणि एकूण चार किंवा जास्त झाले, त्यातले निम्म्याहून जास्त प्लेटलेट-आयएनआरचे असले, की सावध व्हायचं. म्हणजे महागड्या टेस्टपेक्षा या दोन साध्या टेस्ट वेळेवर आणि बरोबर होणं महत्त्वाचं, आणि इथंच ही लॅब मला आवडली.

सॅम्पल न्यायला येणारा पोरगा निळ्या टोपीची ट्यूब रेषेपर्यंत भरलीय का बघूनच घेतो. एकदा नर्सनं अर्धवट भरून दिली तर त्यानं घेतलीच नाही, परत रक्त काढायला लावलं. हात आधीच सुजलेला त्यामुळं मामी वैतागली, पण त्यानं नीट समजावून सांगितलं, ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग असंच प्रमाण लागतं, रक्त कमी पडलं तर आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. आधीच्या एका लॅबनं (नाव नको) अशीच अर्धी ट्यूब गुपचूप नेलेली. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन माहितीय ना, तरी हा डब्यातून नेतो, दुचाकीच्या डिकीत टाकून गावभर फिरत नाही.

मामांच्या प्लेटलेट आल्या तेव्हा एक लाख ऐंशी हजार, नंतर एक तीस आणि मग पंच्याण्णव हजार. तो पंच्याण्णवचा आकडा आला तेव्हा यांनी रक्ताची स्लाइड बघून प्लेटलेट एकमेकींना चिकटल्यामुळं आकडा खोटा कमी येत नाहीये ना ते तपासलं आणि रिपोर्ट छापायच्या आधी थेट आयसीयूत फोन केला. रात्री हो! डॉक्टर म्हणाले एकच आकडा बघून काही कळत नाही, घसरण बघायची, आणि ती कळायला लॅब रोज तीच पाहिजे. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारा एक घटक) नॉर्मल आला म्हणून आम्ही खुश झालो तर म्हणाले इन्फेक्शनमध्ये तो मुळातच वाढतो, त्यामुळं नॉर्मल असला तरी निर्धास्त व्हायचं नाही. नंतर अँटिबायोटिक लागू पडलं आणि प्लेटलेट हळूहळू चढल्या, मामा आता घरी आहेत.

खटकलं ते पण सांगतो. डी-डायमर (गुठळ्या विरघळताना तयार होणारे तुकडे मोजणारी टेस्ट) महाग आहे आणि त्याचा दर आधी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अँटिथ्रोम्बिनची (रक्त जास्त गोठू न देणारा घटक) टेस्ट इथं होत नाही, बाहेरगावी पाठवतात, मग आयसीयूच्या पेशंटला त्याचा काय उपयोग! गाडी लावायला जागा नाही, आणि अक्कलकोट-तुळजापूरकडून आलेल्या लोकांना बसायला बाहेर एकच बाकडं आहे, हे तरी करा राव.

डी-डायमर दोन ठिकाणी केला असेल तर युनिट बघा. एफईयू आणि डीडीयू अशी दोन युनिटं असतात, एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो, आमच्याकडं त्यावरून रात्रभर घबराट उडालेली आणि सकाळी इथल्या मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून समजावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.