सांगलीतील इमारत-रचना सॉफ्टवेअर परिषद : एका सत्रापुरते पैसे वसूल

विश्रामबागेतील एका सभागृहात झालेल्या या एकदिवसीय परिषदेला शुल्क भरून गेलो होतो. ते वसूल झाले, पण मुख्यतः दुपारच्या एकाच सत्रामुळे. त्याचा विषय होता बिम, म्हणजे इमारतीच्या प्रत्येक भागाची माहिती सांभाळणारे संगणकीय मॉडेल. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या आमच्यासारख्यांना बिम म्हणजे नुसते त्रिमितीय चित्र वाटते. वक्त्यांनी रेव्हिट या बिमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन मजली इमारतीचे मॉडेल उघडून सांडपाण्याचा चार इंची पाइप थेट तुळईच्या पोटातून जात असल्याचे दाखवले, तेव्हा सभागृहात हशा पिकला, कारण स्लॅब ओतून झाल्यानंतर तुळईला छिद्र पाडण्याची वेळ आलेले बरेचजण तिथेच बसले होते. आयएफसी या कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या, खुल्या फाइल-स्वरूपात भिंत ही दोन रेषा न राहता जाडी आणि साहित्य यांसह दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कशी पोहोचते, हेही त्यांनी नीट उलगडले.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील सत्र मात्र निव्वळ जाहिरात होते. क्षणात तयार होणारे आराखडे राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीतील सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) पाळतात का, या प्रश्नाला बगल देण्यात आली. त्याहून खटकले ते हे, की २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, त्या शहरात जोत्याची उंची पूररेषेशी मॉडेलमध्येच कशी ताडून पाहावी, यावर अवाक्षरही निघाले नाही.

जेवण चांगले होते. ध्वनिक्षेपक मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नव्हता. पुढच्या वेळी लॅपटॉपवर स्वतः करून पाहण्याचे सत्र असेल, तरच मी नोंदणी करीन.