करडईचं तेल थंडीत गोठलं, तेव्हा कळलं

गेल्या थंडीत नाशिकमध्ये एका सकाळी फोडणीसाठी तेलाची बाटली उचलली, तर तळाशी चार बोटं पांढरट थर दिसला. आधी वाटलं गाळ असेल, घाण्याच्या तेलात गाळ बसतोच. बाटली आडवी केली. वरचं तेल वाहून पुढे आलं आणि खालचा थर रवाळ तुपासारखा जागेवरच राहिला. चमच्याने खरवडला, बोटांत चोळला, तर लगेच विरघळला. तुपकट, बिनवासाचा.

बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती : 'लाकडी घाणा, करडई, १ लिटर'.

ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या वर नको, आणि तूप, डालडा, पामतेल बंद. मी लातूरकडची. आमच्याकडे ज्वारीच्या शेताला कडेने करडईचा पाटा असायचा, म्हणजे काटे लागून जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना तिची भाजी, पुढे बी काढून घाण्यावर तेल. त्यामुळे तेल बदलायचं ठरल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. घराजवळ लाकडी घाण्याचं दुकान नुकतंच निघालं होतं, तिथून करडईचं तेल सुरू केलं. ३२० रुपये लिटर. दहा महिने, महिन्याला एक लिटर.

दुकानात पुढच्या बाजूला काचेआड दोन घाणे फिरत असायचे. लाकूड करकरायचं, बाजूने पेंडीचे पापुद्रे निघायचे, खालच्या भांड्यात तेलाची धार पडायची आणि दारातच तेलाचा वास यायचा. मी तिथे उभी राहून बघत असे, लहानपण आठवायचं. दुकानदार आपुलकीने बोलायचे, ह्यांच्या तब्येतीची चौकशी करायचे. मग मागच्या फळीवरून भरून ठेवलेली बाटली काढून द्यायचे. समोर पडणारं तेल आणि हातात आलेली बाटली यांचा संबंध मी मनानेच जोडला होता. तो मला कुणी दाखवला नव्हता.

त्या सकाळी गावाकडे दादाला फोन केला. तो म्हणाला, ''अगं, करडईचं तेल कुठं गोठतंय का? खोबरेल गोठतं, पामतेल गोठतं. आपल्याकडं किती थंडी पडायची, आईची बरणी कधी गोठलेली बघितलीस का तू?''

नव्हती बघितली. मला हे माहीत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटलं.

बाटली घेऊन तशीच दुकानात गेले. दुकानदार अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, ''ताई, शुद्ध तेल थंडीत गोठतंच, हीच तर शुद्धतेची खूण. रिफाइंड गोठत नाही.'' इतक्या ठामपणे म्हणाले की शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मान डोलावली. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. खोबरेल तेल थंडीत गोठतं हे खरं, ते २४-२५ अंशांखाली घट्ट होतं. शेंगदाणा तेलही फ्रीजमध्ये धुरकट होतं, दाटतं, आणि त्यात भेसळ असतेच असं नाही. पण करडईचं तेल आपल्या थंडीत गोठत नाही. ज्या तेलात साधारण शंभरात सहा ते दहा भागच संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी आहे, ते स्वयंपाकघरातल्या गारठ्यात तुपासारखं बसणार कसं? पामोलीनमध्ये, म्हणजे पामतेलाच्याच पातळ भागात, हीच चरबी चाळीसच्या वर असते, आणि थंडीत तेल बसतं ते तिच्यामुळेच.

मी वाद घातला तसे ते ''बदलून देतो'' म्हणत आत गेले. पत्र्याचं दार अर्धं उघडं राहिलं. आत तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे भिंतीपर्यंत रचलेले होते. विचारलं तर म्हणाले, ''शेजारच्या फरसाणवाल्याचे आहेत, ठेवायला दिलेत.'' असतीलही. पैसे मात्र त्यांनी न मागता परत केले, एका बाटलीचे.

मन शांत होईना, म्हणून उरलेलं तेल एका खासगी प्रयोगशाळेत दिलं. तिथे आयोडीन मूल्य काढून देतात. तेल किती असंपृक्त आहे ते या आकड्यावरून समजतं, आणि प्रत्येक तेलाचा आकडा ठरावीक मर्यादेत असतो. अन्न सुरक्षेच्या मानकांत करडईसाठी १३५ ते १४८, शेंगदाण्यासाठी ८५ ते ९९ आणि पामोलीनसाठी ५४ ते ६२ असा पट्टा आहे. माझ्या बाटलीचा आकडा आला ७६. निव्वळ करडईचा तो असूच शकत नाही. पामोलीनमध्ये पाचवा हिस्सा करडई घातली, तर आकडा साधारण तिथेच येतो. तेवढ्या करडईने वास येतो, रंग येतो, चव बरीचशी जमते. म्हणून दहा महिने मला कळलं नाही.

घरी येऊन वही काढली. हा हिशेब मी पहिल्या दिवशी करायला हवा होता. करडईच्या बियांत तेल शंभराला तीसच्या आसपास. लाकडी घाणा ते सगळं काढू शकत नाही, काही पेंडीत राहतंच. म्हणजे किलोभर तेलाला चार किलोच्या आसपास बी लागतं. २०२४-२५ च्या रब्बी खरेदी हंगामाला करडईचा हमीभाव क्विंटलला ५,८०० रुपये होता, म्हणजे चार किलो बियांचेच २३२ रुपये. वर मजुरी, वीज, भाडं, बाटली. पेंड विकून थोडं परत येतं. त्यामुळे ३२० हा भाव मला कधी खटकला नाही. उलट कुणी दीडशेने देत असता तर मी घेतलंच नसतं. फसवणारा स्वस्त विकेल ही माझी समजूत होती. पण खऱ्याच्या भावात खोटं विकण्यातच जास्त पैसा आहे. पामोलीन किराणा दुकानात याहून कितीतरी स्वस्त मिळतं.

दुसरा हिशेब वेळेचा. एका घाण्यात एका वेळी बारा किलोच्या आसपास बी पडतं आणि तासभर चालतं. तेल निघतं तीन किलो. दोन घाणे दिवसभर, आठ तास चालवले तर पन्नास किलोच्या आत-बाहेर. त्यात करडई, शेंगदाणा, तीळ, जवस, मोहरी, खोबरं, सगळंच आलं. शिवाय ताजं तेल गढूळ असतं, ते दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळ काढावं लागतं. मग दर संध्याकाळी त्या फळ्यांवर शेकड्याने स्वच्छ, बिनगाळाच्या बाटल्या भरलेल्या असायच्या, त्या कुठून येत होत्या? माझ्या एकाही बाटलीच्या तळाशी कधी गाळ दिसला नव्हता. जो दिसला तो गाळ नव्हता.

तक्रारीत मी एक मोठी चूक केली, ती दुसऱ्या कुणी करू नये. मी आधी दुकानदाराशी भांडले आणि मग अन्न व औषध प्रशासनाकडे गेले. तोवर पंधरा दिवस गेले होते. तिथले अधिकारी नीट वागले, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की माझ्या उघड्या बाटलीवर कारवाई उभी राहत नाही. नमुना त्यांनी स्वतः दुकानातून घ्यावा लागतो, त्याचे चार भाग करून सील करावे लागतात. ते गेले तेव्हा पत्र्याच्या खोलीत एकही डबा नव्हता. माझ्याकडे बिलही नव्हतं, कारण मी कधी मागितलं नव्हतं. लेबलवर १४ आकडी परवाना क्रमांक नव्हता, तेल भरल्याची तारीख नव्हती. खाद्यतेल सुटं विकायला मनाई आहे, आणि दोन तेलं एकत्र करून विकायची तर तसं लेबलवर लिहावं लागतं, हे सगळं मला नंतर कळलं. ग्राहकाला शासकीय विश्लेषकाकडून अन्न तपासून घेण्याचा हक्कही अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० मध्ये आहे. पण त्यासाठी वस्तू घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. फी भरावी लागते, दोष निघाला तर ती परत मिळते. तेव्हा संशय आला की दुकानात काही बोलू नका. गप्प बसा, बिल घेऊन सीलबंद बाटली आणा आणि आधी तक्रार करा.

करडईचं तेल वापरत असाल तर आज रात्री वाटीभर फ्रीजमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खालच्या फळीवर ठेवून बघा. सकाळी तुपासारखं पांढरं बसलं असेल तर काहीतरी मिसळल्याचा संशय घ्या. पण नाही बसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. सोयाबीनचं तेल मिसळलेलं असेल तर तेही गोठत नाही.

ह्यांना त्या तेलाने काही झालं असं मी म्हणणार नाही, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण डॉक्टरांनी नावानिशी बंद केलेलं तेल मी दहा महिने स्वतःच्या हाताने त्यांच्या भाजीत घालत होते, आणि वर कौतुकाने सांगत होते की हे करडईचं आहे.

मार्चमध्ये करडई निघाल्यावर दादाने वीस किलो बी पाठवलं. शहराबाहेर एकजण किलोमागे मजुरी घेऊन घाणा काढून देतात, तिथे आम्ही दोघं स्टूल घेऊन बसलो. पावणेदोन तास लागले. तेल भरलं पाच किलो, पेंडही मोजून घेतली. बरणी खिडकीशी ठेवली आहे. तिसऱ्या दिवशी तळाला तपकिरी गाळ बसला, आणि वर तेल निवळ झालं.